श्रावण वद्य षष्ठी

"अंजू, आज षष्ठीच ना गं?" माईंनी धारहून फोनवर विचारलं आणि लगेच आवाज खाली आणला. "मी विचारलं म्हणून संग्रामला सांगू नको हो."

देवासच्या मराठी मंडळाच्या कार्यालयाचं कुलूप काढून अंजू सुभेदार नुकतीच आत आली होती. पर्स अजून खांद्यालाच होती. श्रावण वद्य षष्ठी, तिनं पंचांगाकडे न बघताच सांगितलं. सांगताना तिच्या लक्षात आलं की आज माईंच्या यजमानांची, काकांची तिथी. या वेळेला माई आणि त्यांचा मुलगा संग्राम यांच्या घरी श्राद्धाची धांदल असायला हवी होती. माईंना फोन करायला फुरसत कशी मिळाली?

"ते मागच्या महिन्यातच उरकलं," माई म्हणाल्या. "मंडळाचा मेसेज आला होता ना. मी म्हटलं संग्रामला, अरे, समोरच्या हिंदी बायकांचा हलछठचा उपास आणि ह्यांची तिथी दरवर्षी एकाच दिवशी येते. हलछठ तर अजून कुठेच नाही. तर म्हणाला, माई, तू भूलून राहिलीस. मग इंदूरला डॉक्टरकडे नेलं. आता विसरण्यावरच्या गोळ्या चालू आहेत. आज समोर हलछठ करून राहिल्यात, म्हणून विचारलं. काही नाही, ठेवते."

फोन ठेवल्यावरही अंजू उभीच होती. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, ते तिनं आजवर नुसतं ऐकलं होतं.

मंडळात तिची एकोणतीस वर्षं झाली होती. सभागृहाच्या किल्ल्या, लग्नांच्या तारखा, पाण्याच्या टाकीचा पंप, सगळं तिच्याकडे. तिथ्यांची वही मात्र तिला कुणी दिलेली नव्हती, ती तिनं आपणहून धरली होती. देवास आणि धारमधली दोनशे चौदा मराठी घरं, त्यांच्या गेलेल्या माणसांची नावं आणि तिथ्या. तिथीच्या नऊ दिवस आधी ती फोन करायची. आधी घरचं सगळं विचारायची, मग तिथी सांगायची, आणि शेवटी विचारायची की या वर्षी करणार कोण. त्या शेवटच्या प्रश्नाला लोक काय काय सांगत. कुणाचा मुलगा बोलेनासा झालेला असे, कुणाला अंथरुणातून उठवत नसे. अंजूला दोनशे चौदा घरांची नाडी ठाऊक होती.

जूनमध्ये मंडळाचे अध्यक्ष बळवंतराव आपल्या नातीला घेऊन आले. कृतिका इंदूरच्या एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करायची. तिनं वहीच्या सगळ्या पानांचे फोटो काढले आणि सांगितलं की यापुढे हे काम एजंट करेल. एजंट म्हटल्यावर अंजूला विम्याचे जोशीच आठवले. पण हा एजंट म्हणजे स्वतःहून कामं उरकणारा प्रोग्राम निघाला. कृतिकानं लॅपटॉपवर एक काळी खिडकी उघडली. तिच्यात ना चित्र ना बटण, नुसत्या इंग्रजी ओळी. एक ओळ लिहून तिनं एजंटला बंगळूरच्या कुठल्याशा पंचांग-सेवेशी जोडलं. एजंटनं तिथी विचारायची आणि त्या सेवेनं तारीख द्यायची. दुसऱ्या ओळीनं तो व्हॉट्सॅपला जोडला गेला. वीस मिनिटांत एकोणतीस वर्षं आटोपली.

मावशी, आता तुम्ही आराम करा, असं कृतिका म्हणाली होती. अंजू एवढंच म्हणाली होती की वद्य पक्षातल्या तिथ्यांचं जरा बघ हो. त्यावर 'हो हो' असं उत्तर मिळालं होतं. जूनपासून ती गप्प बसली होती, आणि आता तिला स्वतःच्या त्या गप्प बसण्याचाच सर्वांत जास्त राग आला.

तिनं वही काढली आणि मेसेजांच्या यादीशी ताडून पाहिली. शुद्ध पक्षातली प्रत्येक तारीख बरोबर होती. वद्य पक्षातली प्रत्येक महिनाभर आधीची. घोळ तिला पहिल्या पानावरच कळला, कारण माळव्यात राहणाऱ्या कुठल्याही जुन्या मराठी घराला तो कळला असता. आपला महिना अमावास्येला संपतो, हिंदी घरांचा पौर्णिमेला. आपला श्रावण वद्य म्हणजे शेजारच्या शर्मांचा भादवा, म्हणजे भाद्रपद; त्यांचा श्रावण वद्य महिनाभर आधीच होऊन गेलेला. बंगळूरची सेवा शर्मांचा हिशेब धरत होती आणि वही सुभेदारांची होती.

तिनं फोन करून कृतिकाला बोलावून घेतलं. पाठोपाठ बळवंतरावही आले. कृतिकानं उभ्याउभ्याच लॅपटॉप उघडला.

"मावशी, ये अपनी गलती नहीं है. सर्व्हिसची डिफॉल्ट सेटिंगच तशी आहे. मी आता पाच मिनिटांत ठीक करून देते."

अंजूनं तिला खुर्चीवर बसायला सांगितलं. ज्या दिवशी हे जोडलं त्या दिवशीचं सगळं मला वाचून दाखव, म्हणाली. त्या काळ्या खिडकीत झालेल्या सगळ्या कामाची नोंद राहते, हे जूनमध्ये कृतिकानंच मोठ्या कौतुकानं सांगितलं होतं. कृतिका वर वर सरकत गेली. भराभर वाचता वाचता एके ठिकाणी थांबली.

"वाच," अंजू म्हणाली.

कृतिकानं हळू आवाजात अर्थ सांगितला. एजंटनं लिहिलं होतं की वहीतली घरं मराठी दिसतात, ही सेवा महिना हिंदी पद्धतीनं मोजते, त्यामुळे वद्य तिथ्यांच्या तारखा महिनाभर आधी येतील. बदलून घेऊ का? कुणा जाणत्या माणसाला विचारता येईल का? त्याखाली कृतिकाचं उत्तर होतं, आहे तसं चालव, पुन्हा विचारू नकोस.

"माझी मीटिंग चालू होती," ती म्हणाली. "पूरा पढ़ा नहीं मैंने."

"म्हणजे मशीननं विचारलं होतं," अंजू म्हणाली. "तू विचारलं नाहीस. मी इथं, या टेबलाच्या पलीकडे बसले होते."

मशीनवर तिचा राग नव्हताच. त्या बिचाऱ्याला अडलं तेव्हा त्यानं तोंड उघडलं होतं. माणसाला मात्र मान वर करून पलीकडे बघायला सुचलं नव्हतं, आणि ते माणूस आता खाली मान घालून बसलं होतं.

बळवंतरावांनी घसा खाकरला. नातीची बाजू घ्यायची तर ती अध्यक्षाच्या तोऱ्यात घ्यावी, ही त्यांची जुनी सवय. तांत्रिक अडचणीमुळे झालेल्या गैरसोयीबद्दल क्षमस्व, असा एक मेसेज त्याच एजंटकडून सगळ्यांना पाठवून द्यावा, असं त्यांनी सुचवलं. निम्म्या लोकांच्या तर लक्षातही आलेलं नाही, उगाच बभ्रा कशाला?

"आणि अंजूबाई," ते समजुतीनं म्हणाले, "महिनाभर इकडे काय, तिकडे काय. पितरांकडे का कॅलेंडर टांगलेलं असतं?"

त्यांच्या स्वतःच्या वडिलांची तिथी शुद्ध पक्षातली होती.

"पितरांचं मला माहीत नाही," अंजू म्हणाली. "माई जिवंत आहेत. ब्याऐंशी वर्षांची बाई खरं बोलत होती, आणि आपण तिला वेड्यात काढलं. मंडळाच्या नावानं काढलं. हा मेसेज मशीन पाठवणार नाही. चुकलेल्या एकेका घरी मी फोन करणार, आणि माईंकडे कृतिका येणार. आत्ता. गाडी काढ गं."

एकोणतीस वर्षांत ती बळवंतरावांशी इतकं बोलली नव्हती. कृतिकानं किल्ल्या उचलल्या.

देवासहून इंदूर, इंदूरहून धार. अंजूनं गाडीतून दोन फोन केले. धारच्या गुरुजींना दुपारची वेळ टळायच्या आत यायला सांगितलं. पिथमपूरच्या कारखान्यात कामावर असलेल्या संग्रामला नुसतं घरी बोलावलं, कारण सांगितलं नाही. कृतिकानं घाटाबिल्लोदच्या पुढे एकदा विचारलं की मी तिथं काय म्हणू. जे झालं ते म्हण, अंजू म्हणाली.

त्या पोचल्या तेव्हा संग्राम कारखान्याच्या गणवेशातच ओट्यावर उभा होता. माई आत पलंगावर बसलेल्या. उशाशी गोळ्यांची पाकिटं, सकाळ-दुपार-रात्र लिहिलेल्या डबीत. अंजूला बघून त्या घाबरल्या. फोन केल्याचं हिनं सांगितलं की काय, असं त्यांच्या तोंडावर आलं.

कृतिका दारातच उभी राहिली. हिंदी शाळेत शिकलेली मुलगी, पण तिनं शब्द मराठीच शोधले.

"माई, तारीख मी चुकवली. तिथी आजचीच होती. तुम्ही बरोबर सांगून राहिला होता. तुम्ही काही विसरला नव्हता."

माईंनी तिच्याकडे पाहिलं नाही. त्या संग्रामकडे बघत होत्या. पन्नाशीचा तो माणूस हातातली टोपी फिरवत राहिला. एकदा 'माई' म्हणाला. अंजूनं त्याला दटावून आंघोळीला पिटाळलं, कारण गुरुजी कुठल्याही क्षणी आले असते.

माई उठल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. दोन तासांत सगळा स्वयंपाक कसा उभा करायचा, या विचारात अंजू त्यांच्या मागोमाग गेली. खीर होईल, भाज्या होतील. वड्यांचं जमणार नाही, उडदाची डाळ भिजायला वेळ कुठे आहे, असं ती म्हणालीही.

माईंनी पिठाचा डबा बाजूला सरकवला. त्यामागे एक पातेलं होतं. आतली डाळ इतकी फुगली होती की वरची ताटली बोटभर उचलली गेली होती.

"पहाटेच भिजत घातली," त्या म्हणाल्या.

"आणि कुणी विचारलं असतं तर?"

"चुकून घातली म्हटलं असतं. गोळ्या चालूच आहेत ना."

अंजूनं पदर खोचला. माईंनी पातेलं नळाखाली धरलं आणि डाळ उपसायला घेतली.