जाऊबाईंनी वायर काढली

रुग्णवाहिकांच्या नियंत्रण कक्षात थोरली जाऊ फोनवर बसायची आणि धाकटी तिथलाच सर्व्हर सांभाळायची. धाकटीला ही नोकरी थोरलीनंच सुचवली होती. त्यामुळे सर्व्हर रुसला की सगळे आधी थोरलीकडे बघायचे, जणू ते यंत्र तिनंच माहेरून आणलं होतं.

एकदा भर कामाच्या वेळी सर्व्हरचं नेटवर्क कार्ड गेलं. कुठली गाडी कुठं आहे ते दाखवणारे पडदे जागच्या जागी थिजले. नवं कार्ड येईपर्यंत थोरलीनं एकेका ड्रायव्हरला फोन करकरून गाड्या पाठवल्या. तिचा घसा बसला, पण धाकटीला ती एका शब्दानं बोलली नाही. धाकटीला तेच जास्त लागलं.

म्हणून तिनं सर्व्हरला दोन कार्डं बसवली, दोन्हींच्या वायरी नेटवर्क जोडणाऱ्या दोन वेगवेगळ्या स्विचच्या डब्यांना नेल्या. एक कार्ड पडलं तर दुसऱ्यानं आपोआप काम उचलायचं, अशी त्यांची जोडी लावून दिली. आता ते खरंच उचलतं का, एवढं बघायचं राहिलं होतं.

"चालू कार्डाची वायर उपटून बघायची," ती थोरलीला म्हणाली.

"मुद्दाम?"

"मुद्दाम. आपण जागेवर असताना पडलेलं बरं, जाऊबाई."

रविवारी दुपारी फोन कमी येतात. ती वेळ ठरली. थोरलीनं सगळ्या गाड्यांच्या जागा फळ्यावर लिहून ठेवल्या आणि मान हलवली. काचेपलीकडच्या खोलीत धाकटीनं वायर काढली.

पडदे थिजले. आणि तेवढ्यात फोन वाजला.

कुणाचे तरी वडील न्हाणीघरात घसरून पडले होते. "त्यांना हलवू नका, मी आहे फोनवर. पत्ता सांगा," थोरली म्हणाली. बोलता बोलता तिनं फळ्याकडे बघितलं आणि दुसऱ्या फोनवरून जवळच्या ड्रायव्हरला पिटाळलं. त्याला सगळे मिशाच म्हणत. इकडे धाकटीनं वायर कधीच परत खोचली होती, पडदेही हलायला लागले होते.

"पोचला का मिशा?" तिनं दारातून विचारलं.

"पोचला. म्हातारबाबा त्याच्याशीच भांडतायत, म्हणजे बरे आहेत. तू तुझं बघ."

धाकटीनं सगळं पुन्हा वरपासून तपासलं तेव्हा चूक सापडली. "वायर जिवंत आहे का ते किती किती वेळानं बघायचं, तो आकडा शून्यच राहिला होता. शून्य म्हणजे बघायचंच नाही. पहिलं पडलं, पण दुसऱ्याला पत्ताच नाही."

"तुझे दीर आणि तुझा नवरा दोघंही घरात असतात, तरी दूध उतू जातंच की," थोरली म्हणाली.

धाकटीला हसू आलं. तिनं आकडा भरला, पण पुन्हा वायरीला हात लावायचा धीर होईना. "आज पुरे. पुढच्या रविवारी बघू."

"आत्ताच. आज सोडलंस तर आठवडाभर तुला घास गोड लागायचा नाही, आणि तुझं तोंड बघून मलाही." थोरलीनं शेजारच्या टेबलावरच्या बाईंना फोनवर बसवलं आणि ती आत आली. "कुठली?"

"ती निळी. आधी खटका दाबा, मग ओढा."

थोरलीनं ओढली. दोघी काचेतून पडद्याकडे बघत राहिल्या. गाड्यांचे ठिपके आपले चालतच होते. मग ती वायर लावून दुसरी काढली. तरीही ठिपके चालतच होते.

"काहीच झालं नाही गं," थोरली जराशी हिरमुसून म्हणाली.

"तेच तर व्हायला हवं होतं," म्हणत धाकटीनं तिला घट्ट मिठी मारली. वायर थोरलीच्या हातातच होती.

पुढे बऱ्याच दिवसांनी एक कार्ड खरोखरच गेलं. धाकटी सांगायला आली तेव्हा थोरली फोनवर होती. तिनं हातानंच थांब म्हटलं. फोन संपल्यावर विचारलं, "काय गं?"

"एक कार्ड गेलं. सकाळीच."

"मला कळलंसुद्धा नाही."

"हो ना."

थोरलीनं तिला हाताला धरून शेजारच्या खुर्चीत बसवलं आणि आपला डबा पुढे सरकवला. "मग बदलायला जायच्या आधी दोन घास खा. दुसरं आहे ना सांभाळायला."