नाही असं नाही

“मी हे बोललोच नाही, ताई.”

हे इतक्या हळू आलं की तिला वाटलं, हेडफोनमधूनच आलं. आवाज तोच होता, गेले आठ दिवस तिच्या कानात असलेला. पण पडद्यावरचा माणूस तर ओठ मिटून थांबलेला होता. तिने हेडफोन उतरवले आणि वळून पाहिलं. पडद्यावरचा माणूस दारात उभा होता. अंगात कारखान्याचा निळा सदरा, पिवळं हेल्मेट काढून छातीशी धरलेलं.

“काका, तुम्ही इथे?”

“पत्ता विचारत विचारत आलो. सकाळी हे आलं सगळ्यांच्या फोनवर.”

त्यांनी फोन पुढे केला. कारखान्याच्या ऑफिसने कामगारांना फिल्मची अर्ध्या मिनिटाची झलक पाठवली होती. तिनेच जोडलेली. भट्टीची ज्वाळा, चालती यंत्रं, आणि मग काकांचा चेहरा. “कंपनीनं आमची काळजी घेतली,” पडद्यातले काका म्हणाले, आणि लगेच त्यांचे हात दिसले, बॉयलरचं चाक फिरवणारे.

“तुमचाच आवाज आहे, काका.”

“आवाज माझाच. पण श्वास अर्धा आहे. पुढे बोलत होतो मी. तिथं मध्येच हात कुठून आले?”

असं कुणी आजवर पकडलं नव्हतं.

संकलनात तिची तेवीस वर्षं गेली होती. टेपवरून सुरुवात केली, मग संगणक आला, संगणक चार वेळा बदलला, खुर्चीवरची उशी मात्र तीच राहिली. कारखाने, बँका, औषधाच्या कंपन्या, सगळ्यांच्या फिल्म तिच्या हातून जायच्या. स्टुडिओचे साहेब तिला ‘कात्री’ म्हणायचे. घरी नवरा म्हणायचा, “मी बोलतो तेव्हा तू मनात माझी वाक्यं कापत असतेस, कळतं मला.” आणि ती म्हणायची, “तुमच्यात कापण्यासारखं फार असतं, म्हणून वेळ लागतो.”

तिचा एकच नेम होता. माणसाला श्वासात तोडायचं नाही. वाक्य संपू द्यायचं, श्वास खाली बसू द्यायचा, मग कात्री. तेवीस वर्षं पाळला होता. म्हणजे, आठ दिवसांपूर्वीपर्यंत.

तिने टेबलाच्या खणातून वही काढली. मुलाखतीतला शब्द न् शब्द ती आधी हाताने उतरवून घ्यायची, मगच यंत्राला हात लावायची. काकांचं पान निघालं. तिच्याच अक्षरात लिहिलेलं होतं: कंपनीनं आमची काळजी घेतली नाही, असं नाही. पण एकदा उशीर केला.

‘घेतली’च्या पुढे सगळ्यावर लाल पेन्सिलची रेघ होती.

फिल्म बरोबर सात मिनिटांची हवी होती. ती अकरा सेकंदांनी लांब झाली होती. ते अकरा सेकंद कुठून काढायचे म्हणून ती पानं चाळत बसली, तेव्हा हे वाक्य नजरेत आलं. म्हातारी माणसं सरळ बोलत नाहीत, आढेवेढे घेतात, असं तिला वाटलं. नाही असं नाही, म्हणजे आहेच की. दोन उणे मिळून अधिक. आणि उशीर म्हणजे बढतीला वगैरे झाला असेल. तिने ‘घेतली’नंतर कापलं, कापल्याची खूण झाकायला वर हातांचं दृश्य टाकलं. वेळ जमली. कारखान्याच्या जनसंपर्कवाल्या मॅडमना तर तेच वाक्य सगळ्यात आवडलं.

“चुकलं माझं,” ती म्हणाली. “बसा, काका. उशीर कशाला झाला होता?”

काका बसले. हेल्मेट मांडीवर ठेवलं.

“व्हॉल्व बदलायला. वाफेचा. तो गळतोय असं मी तीनदा लिहून दिलं होतं. येईल, येईल म्हणत महिना गेला. अकरा वर्षं झाली आता. तो फुटला त्या दिवशी माझ्याऐवजी मेहुणा होता ड्यूटीवर. माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा. गेला.”

पडद्यावरचे काका ओठ मिटून दोघांकडे पाहत होते.

“बहिणीला सांगितलं, अपघात झाला. यंत्र आहे, होतं कधी कधी. कंपनीनं तिला ऑफिसात नोकरी दिली, भाच्याचं शिक्षण केलं. काळजी घेतली नाही, असं नाही. मीही तिथंच नोकरीत होतो. सांगितलं असतं तर तिनं विचारलं असतं, मग तू तिथं कसा राहिलास? काय उत्तर होतं माझ्याकडे?” ते थांबले. “या महिन्यात निवृत्त होतोय. तुमची माणसं कॅमेरा घेऊन आली, तेव्हा म्हटलं, इथं सांगावं. तिच्या तोंडावर मला जमत नाही. आज समारंभात ती माझ्या शेजारी बसणार, पडद्यावर ऐकेल, मग जे व्हायचं ते होईल. तीन रात्री ते वाक्य घोकलं, ताई. पोरं परीक्षेचं घोकतात तसं.”

आणि आता बहीण शेजारी बसून ऐकणार होती, कंपनीनं आमची काळजी घेतली. भावाच्याच तोंडून.

घड्याळात अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. चार वाजता फिल्म पोचवायची होती, सहा वाजता सभागृहात पन्नास वर्षांचा समारंभ. तयार फिल्म यंत्रातून बाहेर पडायलाच पाऊण तास लागायचा.

ती उठली आणि साहेबांच्या खोलीत गेली.

साहेबांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग चष्मा काढून डोळे चोळले. “कात्री, फिल्म मंजूर झालीय. तीन फेऱ्या झाल्या. पटकथा त्यांनी वाचली, कच्ची फिल्म पाहिली, पक्की पाहिली, सही केली. आता एक टाचणी हलवायची नाही. हा नियम तूच शिकवलास सगळ्यांना.”

“चूक माझी आहे, साहेब.”

“चूक कसली? त्यांना आवडलंय.”

“म्हणूनच चूक आहे.”

“लग्नाच्या फिल्म करत होतो तेव्हा सुखी होतो,” साहेब छताकडे बघून म्हणाले. “फार तर एखादी मामी रुसायची.” मग आवाज उतरला. “हे काम गेलं तर दुसरं दारात उभं नाही. हे तुला माहीत आहे.”

“माहीत आहे. तुमच्यासमोरच फोन लावते. लपवून काही करायचं नाही.”

तिने फोन स्पीकरवर ठेवला. मॅडमनी तिसऱ्या घंटेला उचलला. मागे सभागृहात खुर्च्या सरकवल्याचे आवाज येत होते.

“बोला ताई, पटकन.”

तिने वहीतलं वाक्य वाचून दाखवलं. मेहुण्याचं सांगितलं. पलीकडच्या खुर्च्यांचे आवाज एकाएकी लांब गेले. मॅडम कुठेतरी बाजूला जाऊन उभ्या राहिल्या असाव्यात.

“पूर्ण वाक्य नाही घेता येणार,” त्या म्हणाल्या. “अध्यक्ष पहिल्या रांगेत आहेत. मी पण नोकरीच करते, ताई.”

“समजतं मला. मग अर्धंही नको.”

साहेबांनी कपाळाला हात लावला.

“म्हणजे काढून टाकायचं? लांबी बदलली तर चालणार नाही. फिल्म संपते त्या सेकंदाला पडदा वर जातो, दिवे लागतात, सगळं सात मिनिटांवर बांधलंय.”

“लांबी तीच राहील. त्यांचे एकूण नऊ सेकंद आहेत. तिथे त्यांचाच चेहरा असेल. शब्द नसतील.”

“मागे संगीत असेल ना?”

“खाली घेईन.”

“किती खाली?”

“श्वास ऐकू येईल इतकं.”

साहेब टेबलावरचा पेन सरळ करत बसले, वाकडा नसताना.

“चार वाजता द्या,” मॅडम शेवटी म्हणाल्या. “त्याआधी मला पाहायला पाठवू नका. चार वाजता पाहिलं तर बदलायला वेळ उरत नाही.” आणि फोन ठेवला.

“याचा अर्थ हो की नाही?” साहेबांनी विचारलं.

“नाही असं नाही,” ती म्हणाली, आणि तिचं तिलाच दचकायला झालं.

आता ते नऊ सेकंद शोधायचे होते. मुलाखतीत काका सतत बोलत होते. न बोलता नुसते बसलेत असं कुठेच नव्हतं. तिने सगळं दोनदा पाहिलं. काका मागे स्टुलावर बसून पाहत होते. साडेबारा झाले. एक झाला.

मग तिला ध्वनिमुद्रकाची सवय आठवली. प्रत्येक मुलाखत संपली की तो हात वर करून म्हणायचा, “आता अर्धा मिनिट कुणी हलायचं नाही, कुणी बोलायचं नाही.” त्या खोलीची नुसती शांतता तो टिपून घ्यायचा. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. बोलण्यात कुठे ठिगळ लावायचं झालं तर ती कामाला येते. तिने ती शेकडो वेळा वापरली होती, पण फक्त आवाज. त्या वेळी चित्रात काय असतं ते तिने कधी पाहिलं नव्हतं.

कॅमेरा चालूच राहिला होता.

पडद्यावर काका खुर्चीत बसले होते. पहिले काही क्षण त्यांनी समोर पाहिलं, सांगितल्याप्रमाणे न हलता. मग नजर खाली उजव्या तळहातावर गेली आणि तिथेच राहिली. मग त्यांनी मान वर केली, काहीतरी बोलायला ओठ उघडले. आणि बोलायचं नाही हे आठवून पुन्हा मिटले. छाती भरून आली, हळूहळू खाली बसली.

नऊ सेकंदांना थोडं जास्त. तिने श्वास पूर्ण खाली बसू दिला आणि मग कापलं.

“काका, हे चालेल का? तुम्ही नको म्हणालात तर नाही लावणार.”

काका स्टुलावरून उठून पडद्याच्या अगदी जवळ आले. “मी असा दिसतो?”

“हो.”

“यात तर काहीच सांगितलं नाही मी.”

“नाही,” ती म्हणाली. “पण खोटंही सांगितलं नाही. माझ्या हातात एवढंच उरलंय, काका. तुमचं वाक्य मी गमावलं.”

त्यांनी हेल्मेट डोक्यावर ठेवलं, पुन्हा काढलं. “राहू दे हे,” म्हणाले. “बहिणीला घेऊन जायचंय मला. तिचा नंबर शेजारच्या खुर्चीचाच आहे.”

फिल्म यंत्रात घातली तेव्हा दोन वाजून पन्नास मिनिटं झाली होती. पडद्यावरची हिरवी पट्टी मुंगीच्या चालीने सरकत होती. साठ टक्क्यांवर येऊन ती थांबली. साहेब दारात उभे होते. ती हात मांडीवर ठेवून, डोळे मिटून बसली. ओठ हलत होते, आवाज नव्हता. पट्टी पुन्हा चालू झाली.

फिल्म साहेब स्वतः घेऊन गेले. चारला पाच मिनिटं कमी असताना त्यांचा निरोप आला: दिली. मॅडमनी फिल्मची पेटी उघडलीसुद्धा नाही.

तिने घरी फोन करून सांगितलं, उशीर होईल. उशीर हा शब्द तोंडातून गेला आणि तिने फोन बाजूला ठेवला. मग वहीचं पान उघडून तिने खोडरबरने लाल रेघ पुसायला घेतली. रेघ गेली, पण कागद तेवढ्यापुरता खरखरीत झाला.

फोन आला तेव्हा सात वाजायला आले होते.

“ताई, झालं,” काका म्हणाले. मागे गाड्यांचे आवाज होते, माणसांचे निरोप होते. “टाळ्या खूप पडल्या. यंत्रांना पडल्या, अध्यक्षांना पडल्या. माझं आलं तेव्हा सगळे गप्प होते. पडदा बिघडला की काय, असं मागे कुणीतरी म्हणालं.”

“आणि बहीण?”

“बाहेर आलो, बाकावर बसलो. मग म्हणते, दादा, तू तिथं काय बोलता बोलता थांबलास?”

तिने फोन दुसऱ्या कानाला लावला. “मग?”

“इथंच बसलीय समोर. वाट बघतेय.” काकांनी आवाज खाली घेतला. “ताई, एक कराल? फोन ठेवू नका. मी बोलतोय तोवर नुसता चालू राहू दे. हातात काहीतरी धरायला हवं मला.”

“नाही ठेवत,” ती म्हणाली.

पलीकडून काका म्हणाले, “अगं, तो व्हॉल्व...”

एवढं कानावर आलं आणि तिने फोन कानापासून लांब नेला. जन्मभर दुसऱ्यांचं बोलणं ऐकायचंच काम केलं होतं तिने, एकेका अक्षरापर्यंत. हे तिच्यासाठी नव्हतं. तिने फोन वहीच्या उघड्या पानावर ठेवला, वर हेडफोन उलटे झाकले, आणि खुर्ची मागे सरकवून बसली. फोनच्या पडद्यावर बोलण्याचे सेकंद पुढे सरकत होते. तीन मिनिटं. सात. बारा.

साहेब परत आले. हातात किल्ल्यांचा जुडगा होता, आल्या आल्या काही बोलणार होते. चेहऱ्यावरून बरी बातमी आहे की वाईट, ते कळत नव्हतं.

तिने हात वर केला, ध्वनिमुद्रक करतो तसा.

साहेबांनी टेबलावरच्या फोनकडे पाहिलं. किल्ल्या वाजू नयेत म्हणून त्या मुठीत घट्ट धरल्या, आणि ते होते तिथेच, दारात उभे राहिले.