चार वाजायच्या आत गाईड

आमच्या घरात सुतार ही होती, मी नव्हतो. ही म्हणजे माझी बायको. आधीच सांगून टाकतो, कारण लोक मला सुतार समजतात आणि मी वर्षानुवर्षं त्यांना तसं समजू दिलं. लाकूड कापायची ती, जोडायची ती. मी पॉलिशपेपर घासायचो, पॉलिश मारायचो आणि गिऱ्हाइकांशी बोलायचो. "हे कपाट आम्ही असं बनवलं," असं मी सांगायला लागलो की ही मागे उभी राहून नुसती खोकायची.

चार महिन्यांपूर्वी तिला ताप आला आणि नवव्या दिवशी ती गेली. त्यावर मला जास्त लिहिता येत नाही.

मागे राहिलो मी, सासूबाई आणि मशीन. मशीन म्हणजे टेबलाच्या मधून गोल पातं वर येतं ती विजेची करवत. मूळची सासऱ्यांची. ते गेल्यावर ही चालवायला लागली, पण मालकी सासूबाईंची. वय ब्याऐंशी. एका डोळ्यात मोतीबिंदू, दुसऱ्यात संशय.

गेल्या आठवड्यात त्यांनी जाहीर केलं, "जावईबापू, मशीन विकते. खिडक्या बनवणारा एक जण शनिवारी चार वाजता बघायला येतोय."

"का पण, आई?"

"तुमच्या हाताला दहा बोटं आहेत. तेवढीच राहू देत."

"मी शिकेन की."

"पंचवीस वर्षं शेजारी उभे होतात. तेव्हा काय शिकायला बंदी होती?"

खरं म्हणजे मशीन गेलं असतं तर सकाळी उठून जायला मला जागाच उरली नसती. कारखाना म्हणजे घरामागची एक खोली. मशीनशिवाय तिच्यात मी आणि पॉलिशचे डबे. दोन दिवसांत डबे माझ्याशी बोलायला लागले असते. म्हणून मी हट्ट धरला, जेवताना आडून आडून विषय काढला, भांडी घासून दिली. शेवटी त्या म्हणाल्या, "शनिवारी चारच्या आत एक फळी टोकापासून टोकापर्यंत सरळ कापून दाखवा. जळायची नाही, उडायची नाही. मग बघू."

अडचण गाईडची होती. फळी ज्या पट्टीला टेकवून पात्याकडे सरकवायची ती पट्टी म्हणजे गाईड. जुनं वाकडं झालं होतं. ही त्याला बुक्की मारून सरळ करायची. मी मारली तर हातच सुजला. नवं गाईड तिनंच मागवलं होतं. खोकं आलं तेव्हा ती दवाखान्यात होती, ते तसंच पडून राहिलं.

शनिवारी सकाळी नऊ वाजता मी प्लग काढून ठेवला आणि खोकं फोडलं. आत दोन रूळ, एक गाईड, पिशवीभर बोल्ट आणि चित्रांचा कागद. चित्रातला माणूस हसत हसत बोल्ट आवळत होता. त्याची बायको जिवंत असावी.

सासूबाई स्टुलावर मटार सोलत बसल्या. मदतीला नाही, पहाऱ्याला. रूळ बसवता बसवता अकरा वाजले. एक बोल्ट टेबलाखाली गेला, त्याच्यामागे मी गेलो, उठताना डोकं आपटलं.

"हे पण कागदात आहे का?" सासूबाईंनी विचारलं.

मग मोजमाप. टेबलात एक सरळ खाच असते. आधी पातं त्या खाचेला समांतर आहे का बघायचं, मग गाईड त्याच खाचेला समांतर लावायचं. ऐकायला सोपं आहे. मी पुढच्या दातापासून खाचेपर्यंत मोजलं, मागच्या दातापासून मोजलं, फरक आला. पुन्हा मोजलं, वेगळाच फरक आला. तिसऱ्यांदा तिसराच. बारा वाजेपर्यंत माझ्याकडे सात आकडे होते आणि एकाचं दुसऱ्याशी पटत नव्हतं. मी मशीनच्या आईवरून एक शिवी दिली आणि मग मशीनची मालकीण समोर बसलीय हे आठवलं.

"दात कुठला धरताय?" त्यांनी शांतपणे विचारलं.

"समोर येईल तो."

"म्हणजे दर वेळी दुसरा. अहो, दात एक इकडे झुकलेला असतो, एक तिकडे. एकच दात पकडायचा. त्याला खूण करायची. पुढे मोजायचं, पातं फिरवून तोच दात मागे न्यायचा, मागे मोजायचं."

"तुम्हाला हे आमच्या सासऱ्यांनी शिकवलं?"

"ते काय शिकवणार! चाळीस वर्षं शिव्या देत मोजायचे. मी शेंगा नाहीतर मटार सोलायचे. शिव्यांमधून शिकले."

मी एका दाताला खडूची खूण केली. पुढचं आणि मागचं माप तंतोतंत एक आलं. पातं बिचारं पहिल्यापासून सरळ होतं. वाकडा मी होतो.

मग गाईड खाचेला समांतर लावलं, गुण्या टेकवून टेबलाशी काटकोन बघितला, बोल्ट आवळले. तीन वाजून गेले होते. प्लग लावला, पात्याच्या डावीकडे उभा राहिलो, फळी गाईडला टेकवली आणि ढकलायच्या काठीनं पुढे सरकवली. अर्धी फळी लोण्यासारखी गेली. मग धूर आला.

"बंद करा!"

बंद केलं. कापलेली कड काळी पडली होती.

"मागच्या बाजूला चिमटतंय," सासूबाई म्हणाल्या.

"तुम्हाला दिसलं?"

"मला धड तुम्ही दिसत नाही. ऐकू आलं. पुढे गुणगुणत होतं, मागे गेल्यावर किंचाळलं."

प्लग काढून पुन्हा मोजलं. खरंच, बोल्ट आवळताना गाईडचं मागचं टोक किंचित आत सरकलं होतं. बोल्ट सैल केले, मागचं टोक वहीच्या कागदाच्या जाडीएवढं बाहेर घेतलं, हातानं दाबून धरत एक-एक बोल्ट आलटून पालटून आवळला. प्लग लावून दुसरी फळी सरकवली. सुरुवातीपासून शेवटापर्यंत एकच सूर. धूर नाही, किंचाळी नाही.

सासूबाईंनी कडेवरून अंगठा फिरवला. "हं," म्हणाल्या.

"सरळ आहे ना?"

"फळी सरळ आहे."

"मग ठरलं?"

"मी काय म्हणाले होते? मग बघू म्हणाले होते. अजून बघतेय."

तेवढ्यात खिडक्यावाला आला. धिप्पाड, हसरा, बाह्या लोंबणारा शर्ट. त्यानं गाईड पुढे-मागे सरकवून पाहिलं, कापलेली कड पाहिली आणि त्याचे डोळे चमकले. सकाळपासून राबून मी मशीन विकायला तयार करून दिलं होतं.

"आजी, आत्ताच उचलतो," तो म्हणाला.

"आधी एक फळी कापून दाखवा."

"त्यात काय!" त्यानं फळी उचलली आणि बरोबर पात्याच्या रेषेत, फळीच्या मागे उभा राहिला. फळी उसळली असती तर थेट त्याच्या पोटात. काठी त्यानं बाजूला ठेवली, अंगठाच पुढे केला. बाही पात्यावर डुलत होती.

"जावईबापू, प्लग काढा," सासूबाई चांगला डोळा बारीक करून त्याच्याकडे बघत म्हणाल्या. मी काढला.

"अहो आजी, अठरा वर्षं करतोय. हे बघा," त्यानं हात पुढे केला, "फक्त एक टोक गेलंय."

तर्जनीचं टोक नव्हतं. तो अभिमानानं दाखवत होता.

"मशीन विकायचं नाही," सासूबाई म्हणाल्या.

"पण तुम्हीच तर बोलावलंत!"

"बोलावलं. आता जा. तुमच्या बायकोनं येऊन मला शिव्या द्यायला नकोत." मग माझ्याकडे हात करून म्हणाल्या, "हे आमचे जावई. यांना काही येत नाही. पण हे कडेला उभे राहतात, काठी धरतात आणि घाबरतात. मशीन घाबरणाऱ्याच्याच घरात राहील."

तो पुटपुटत निघून गेला. इतकी स्तुती माझी लग्नातसुद्धा झाली नव्हती.

"बघत काय बसलात?" सासूबाई म्हणाल्या. "अजून एक फळी घ्या. हळू. आणि घाबरत राहा."

त्याची काळजी त्यांनी करायला नको होती. मी फळी उचलली आणि प्लग लावला.