तातडीच्या वर चढलेली ओळ

मी वेबसाइटमधला एक रूट बोलतोय. हो, रूट! तुम्ही मोबाइलवर पत्ता टाकता, तेव्हा कोणतं पान उघडायचं ते आम्ही ठरवतो. पण आमच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही.

हुडकेश्वरच्या मिनलने रक्तदात्यांसाठी वेबसाइट केली, त्यात माझा जन्म झाला. आम्हा रूटांची, म्हणजे कोडमधल्या ओळींची, रांग असते. आलेला पत्ता वरून खाली विचारत येतो. ज्याच्या साच्यात आधी बसला, त्याचा झाला. खालच्यांना मग कोणी विचारत नाही. ‘रक्तदाते’ या शब्दापुढे जे काही येईल, ते मी माणसाचं नाव समजतो आणि त्या नावाचा दाता शोधून देतो. माझ्या वर होता तातडी. ‘रक्तदाते/तातडी’ एवढा एकच पत्ता त्याचा.

पण काय त्याचा थाट! आत्ता यायला तयार असलेल्यांचे नंबर तो द्यायचा, लोक त्यालाच आशीर्वाद द्यायचे. आणि माझ्याकडे कोण? स्वतःचं नाव दिसतं का, ते पाहणारे हौशी! नुसता जळफळाट व्हायचा.

मिनलचा सहकारी दुर्गेश टापटिपीचा भारी. टेबलावरचे पेनसुद्धा उंचीप्रमाणे लावणारा. "काय घोळ करून ठेवला बापा!" म्हणत त्याने एका सकाळी आमची रांग अक्षरांच्या क्रमाने लावली. माझ्या ओळीत नावाआधी दोन टिंबं आहेत, आणि क्रमात टिंबं अक्षरांच्या आधी येतात. मी वर, तातडी खाली!

काय हरखलो म्हणून सांगू! त्याच्याकडे जाणारा प्रत्येक जण आता माझ्या दारात. तातडीला म्हटलं, बस लेका खाली, बस तसाच.

दुपारी कांताबाई नावाच्या एका आईचा मिनलला फोन आला. "पोरी, माह्या अंकुशले दवाखान्यात रक्त पाहिजे वं! अन् इथं लिहून येऊन राहिलं, तातडी नावाचा दाता नाही म्हणून!"

ते मीच लिहिलं होतं.

मिनलने धडाधड नंबर सांगितले. तासाभरात जरीपटक्याचा एक जण रक्त द्यायला पोचला, अंकुशचं निभावलं. मग ती दुर्गेशवर उखडली, "तू काहून हात लावला याले?" तो बिचारा लगेच रांग पूर्वीसारखी लावायला बसला. मला मात्र कोणी काहीच बोललं नाही, तेच जास्त लागलं.

आता मी पुन्हा तातडीच्या खाली आहे. माझ्या डोक्यावर मिनलने सूचना लिहिली आहे, ‘याला वर नेऊ नये.’ खोटं कशाला बोलू, आजही त्याच्याकडे कोणी गेलं की माझ्या पोटात दुखतं. म्हणून हात जोडून सांगतो, मी कितीही गयावया केली तरी मला वर नेऊ नका. तिथे गेलो की मला अंकुश दिसत नाही. तातडीकडे चाललेला एक माणूस दिसतो, आणि तो मला हवा असतो.