मी न म्हटलेलं ‘हो’

मी एक जुनं पेज आहे, मित्रांनो. वहीतलं नव्हे, मोबाइलमधलं. माझं नाव ‘धम्मरत्न फवारणी पंप दुरुस्ती, मेहकर’. सांगताना माझा तोल सुटला तर सुटू द्या. मला राग आलाय आणि तो लपवायचा नाही.

माझा जन्म बसस्टँडमागच्या दुकानात झाला. धम्मरत्नभाऊंचे हात तेलानं माखलेले असत, म्हणून ते एकाच बोटानं लिहीत. ‘पंप काऊन दाब धरत नाही’, ‘वायसर कवा बदलाचं’, असलं त्यांचं लिखाण. चुका ढीगभर, पण शब्द खरा. कोणी काही विचारलं की भाऊ जेवण अर्धवट ठेवून उत्तर देत. पार वडनेर भोलजीचा शेतकरी मला वाचून आपला पंप आपणच उघडायचा आणि भाऊंना दुवा द्यायचा. त्यानं धंदा काही बुडाला नाही. मोठं काम निघालं की लोक पंप घेऊन इथेच यायचे.

मग ऋत्विक आला. पेज वाढवून देणं हा त्याचा धंदा. “भाऊ, तुमचं पेज लय गावठी वाटते,” तो म्हणाला, आणि भाऊ भुलले. माझा पासवर्ड त्याच्या हाती गेला. त्यानं माझ्या अंगावर पुढाऱ्यांचे वाढदिवस चिकटवले, रोज सकाळी गुलाबाची फुलं टाकली. चारशेचे अकरा हजार लोक झाले. नऊच लाईक मिळालेली एक जुनी पोस्ट त्यानं पुसून टाकली. तिच्यात भाऊंनी लिहिलं होतं, ‘नोझल तोंडानं फुंकू नका, औषध पोटात जाते.’ आणि कोणीही काहीही विचारलं तरी आपोआप एकच उत्तर जाईल अशी सोय केली: ‘हो, नक्की! पेज फॉलो करा.’

देऊळगाव राजाकडच्या गोकुळनं एके दिवशी शेतातून विचारलं, ‘भाऊ, नोझल चोक झालं. तोंडानं फुंकू काय?’

मला ओरडायचं होतं. पण माझ्या तोंडून त्याच क्षणी गेलं, ‘हो, नक्की!’

चौथ्या दिवशी त्याची बायको कोकिळा दुकानात आली. गोकुळ दवाखान्यात होता, आदल्या दिवशीच शुद्धीवर आला होता. तिनं मोबाइल भाऊंपुढे धरला.

“हे तुमीच लिहेलं हाय ना?”

“म्या नाही लिहेलं, ताई. ते आपोआप जाते.”

“आपोआप? मंग नाव कोनाचं हाय वर? त्यानं तुमाले इचारलं होतं. आपोआपले नाही.”

भाऊंनी ऋत्विकला फोन लावला. तो म्हणाला, “भाऊ, कमेंट वाचत बसाले येळ कोनाले हाय? रीच पाहा ना, केवढी वाढली!”

आग लागो तुझ्या त्या रीचला!

भाऊंनी पासवर्ड बदलला आणि स्टुलावर बसून एकेक प्रश्न वाचायला घेतला. दोनशेच्या वर होते. वाचता वाचता ते रडले. मला दया आली नाही. माझा अर्धा राग त्यांच्यावरच आहे. नाव त्यांचं होतं, तर लक्षही त्यांनीच ठेवायला हवं होतं.

मित्रांनो, दुकानाचं पेज खुशाल काढा, हवं तेवढं वाढवा. वेळ नसेल तर गप्प बसा, माणूस दुसऱ्या कोणाला विचारील. पण न वाचता ‘हो’ म्हणू नका. तिकडे शेताच्या धुऱ्यावर पाठीवर पंप घेऊन एक माणूस उभा असतो, आणि तुम्ही सांगाल तसं तो करतो.