आंदणाचा डबा

सायराकानच्या घरात कशालाही हात लावा, कुणी काही बोलणार नाही. एका डब्याला तेवढा लावायचा नाही. खिडकीखाली ठेवलेला, दोन हात लांब, पारदर्शक प्लॅस्टिकचा, निळ्या झाकणाचा डबा. आत पाच गोधड्या, एकुलत्या एका मुलीच्या, बेगायिमच्या, आंदणाच्या. आधी ट्रंकेत होत्या, मग कसर लागेल या धास्तीने डब्यात आल्या. दर जूनला बाल्कनीत ऊन खायच्या, झटकल्या जायच्या आणि घड्यांमध्ये दवण्याच्या काड्या घालून पुन्हा आत. बावीस वर्षं हेच चाललं होतं. मुलगी आता एकोणचाळीसची झाली होती, दवाखान्यात एक्स-रे काढत होती आणि घर चालवत होती.

लग्न ठरलं नव्हतं असं नाही. सव्विसाव्या वर्षी होणाऱ्या सासूने येऊन कानांत कर्णफुलं घातली होती, म्हणजे ठरलंच म्हणायचं. तीन महिन्यांनी बेगायिमने ती स्वतःच्या हाताने काढली आणि परत पाठवली. का, ते आईने विचारलं नाही. राजधानीतले, बिश्केकमधले नातेवाईक काय काय बोलले ते सोडाच. सायराकानने दात-ओठ खाल्ले आणि तिसरी गोधडी शिवायला घेतली.

आणि आता त्याच डब्यावर मुलीचा डोळा होता. कुणासाठी? तर एका उंदरासाठी!

"उंदीर नाही गं अपा, हॅमस्टर आहे," बेगायिम चहात भाकरी बुडवत आईला म्हणाली.

"शेपूट आखूड म्हणून काय तो ससा झाला?"

खालच्या मजल्यावरचं कुटुंब कामासाठी रशियाला गेलं, जाताना हा जीव बेगायिमच्या हवाली करून गेलं. सातूच्या पिठासारखा रंग, म्हणून तिने त्याचं नाव त्या पिठावरूनच तल्कान ठेवलं. त्याच्याबरोबर आलेला तारेचा पिंजरा बुटाच्या खोक्याएवढा होता.

"त्याला बिळं खणायला लागतात अपा. वीतभर भुसा, धावायला जागा. दुकानातले पिंजरे सगळे असलेच चिमुकले. तो डबा मिळाला तर झाकणाला जाळी बसवली की झालं."

"आणि गोधड्या?"

"कपाटावर ठेवू."

"कपाटावर! धूळ खायला! बये, मी आहे तोवर तो डबा उघडायचा नाही. तुझ्या घरी जाईल तेव्हाच उघडेल."

"माझ्या घरी," बेगायिम म्हणाली. तिने कप विसळला, कोट चढवला आणि दाराशी बूट घालता घालता, आईकडे न बघता म्हणाली, "अपा, त्या गोधड्यांना तू किती जपतेस. इथे जिवंत माणसं राहतात, त्यांच्याकडेही बघ कधीतरी."

दार लागलं. सायराकान तोंडात मारल्यासारखी बसून राहिली.

मग दिवसभर घरात दोघंच, ती आणि तल्कान. सायराकान कपड्यांच्या कारखान्यात चाळीस वर्षं मशीनवर बसलेली बाई. रिकामं बसणं तिला शिक्षाच. एक बाही उसवायला घेतली, पण लक्ष लागेना. कर्र, कर्र, कर्र. तल्कान पिंजऱ्याचा गज कुरतडत होता.

"गप रे," ती म्हणाली.

कर्र, कर्र.

उठून जवळ गेली, चष्मा लावला. तो एकाच गजाशी, एकाच जागी तोंड घालून ओढत होता. नाकावरची लव झिजून गेली होती आणि तिथे रक्ताचा टिपूस आला होता. तिला बघूनही तो थांबला नाही. चार पावलांत पिंजरा संपायचा, की वळून पुन्हा त्याच गजाशी.

"अरे वेड्या, तिथे दार नाही," सायराकान म्हणाली. "किती दिवस करतोयस हे?"

आणि आपण त्या उंदराशी बोलतोय हे कळायच्या आतच तिला रडू फुटलं. का ते तिलाही धड सांगता आलं नसतं. खरं सांगायचं तर ती घाबरली होती. आपण मेलो की ही मुलगी या घरात एकटी राहील, चहा एकटी पिईल, आजारी पडली तर कपाळावर हात ठेवायला कुणी नसेल, ही भीती तिला वर्षानुवर्षं खात होती. भीती आली की ती डब्याकडे बघायची. डबा भरलेला आहे, म्हणजे अजून काहीतरी व्हायचं आहे.

साडेदहा वाजले होते. तिने नाक पुसलं, गुडघ्यांवर हात टेकून डब्यापाशी बसली आणि झाकणाच्या दोन्ही कड्या सोडल्या.

पुढचं काम मात्र तिने झोकात केलं. गोधड्या कोचावर रचल्या. कोपऱ्यावरच्या दुकानातून लोखंडी जाळी आणि तांब्याची बारीक तार आणली. दुकानदार म्हणाला, "काय आज्जी, कोंबड्या पाळताय?" "हो, पाचव्या मजल्यावर," असं ठणकावून ती परत आली. झाकणावर शिंप्याच्या खडूने चौकोन आखला, दोनदा मोजला. बाहेर जानेवारीची कडाक्याची थंडी, तरी खिडकी सताड उघडी ठेवली, कारण गॅसवर तापवलेल्या सुरीने प्लॅस्टिक कापताना असा वास सुटला की पुसू नका. सुरीपुढे प्लॅस्टिक लोण्यासारखं कापलं गेलं. मग सळई लाल करून चौकोनाच्या कडेने जोडी जोडीने भोकं पाडली, बाजूंनाही हवेसाठी पाडली. कडा कानशीने घासून बोट फिरवून पाहिल्या. जाळी झाकणाला कशी लावायची, यात तिला विचारच करावा लागला नाही. तारेने शिवली. गोधडीची कड शिवतात तशी, घट्ट, सारख्या टाक्यांनी.

तळाला वीतभर भुसा, त्यात पिंजऱ्यातलं धावायचं चाक, पाण्याची बाटली आणि निजायला एक फुटका लाकडी वाडगा पालथा. वाडग्याखाली तिने ठेवणीतला पिंजलेला कापूस घातला, चांगला मूठभर. तल्कानला सोडलं. तो हुंगत हुंगत एका कोपऱ्यात गेला, दुसऱ्या कोपऱ्यात गेला, आणि मग भुशात असा घुसला की दिसेनासाच झाला.

"बघा! पाहुण्याला घर पसंत पडलं," सायराकान एकटीच म्हणाली.

पाचला बेगायिम आली. कोट अंगात, एक बूट पायात, तशीच दारात थांबली. आधी डबा दिसला. धावत जाऊन वाकली. "अपा! हे तू केलंस? ही शिवण, बाई गं!" आणि लगेच, "हा कापूस कुणी घातला? काढ, काढ! धागे पायाला गुंडाळले तर पाय सडतो त्याचा!"

"कापूस वाईट? जन्मभर मी माणसांना कापसात निजवलं, एकाचाही पाय सडला नाही!"

"माणूस याच्यासारखा गालात बिछाना भरून नेत नाही, अपा." बेगायिमने कापूस शेवटच्या तंतूपर्यंत वेचला आणि कागदी रुमालाचे तुकडे करून वाडग्याखाली घातले.

"कागदावर निजणार! काय मेला दळभद्री पाहुणा."

बेगायिम हसली. हसत मागे वळली आणि कोचावरच्या गोधड्या तिला दिसल्या. पाच, एकीवर एक, मोकळ्या. तिचं हसू मावळलं. हीच मुलगी वर्षानुवर्षं त्या डब्यावर चिडत आली होती. सकाळी तर तोडून बोलून गेली होती. आता कोट न काढता कोचाच्या कडेला बसली आणि लहान मुलीसारखा तिचा ओठ थरथरला.

"अपा, खरं सांग. तू आशा सोडलीस ना माझी?"

सायराकानला खोटं बोलता आलं असतं. जीभ तयारही होती.

"लग्नाची सोडली," ती म्हणाली. "आज सकाळी साडेदहाला सोडली. तुझी कशाला सोडू? तू काय वाईट आहेस? रोज कामावर जातेस, मला पोसतेस, कुणाचा उंदीर सांभाळतेस. मीच मूर्ख. ऊब यावी म्हणून गोधड्या शिवल्या आणि बावीस हिवाळे तुला पातळ दुलईत निजवलं."

बेगायिमने डोळे मिटले.

"ऊठ. कोट काढ. इथे नीट बस."

सायराकानने पाचही गोधड्या उचलल्या, मुलीच्या खोलीत नेऊन तिच्या खाटेवर अंथरल्या आणि तिला वर बसवलं. मग आशीर्वादासाठी दोन्ही तळवे उघडले. आंदण देताना म्हणायचे शब्द तिला बावीस वर्षं पाठ होते. तोंड उघडलं, आणि अडली. त्यात सगळं नव्या उंबऱ्याचं, नव्या चुलीचं, सासूच्या मनात जागा मिळण्याचं. इथे त्यातलं काहीच नव्हतं.

"हे तुझं घर आहे," ती शेवटी म्हणाली. "या घरात तुला ऊब मिळो. मी असेन तेव्हाही, नसेन तेव्हाही. तुझी झोप शांत असो. आमीन."

तिने तळवे चेहऱ्यावरून फिरवले, आणि ते चेहऱ्यावरून निघेचनात. तिचे खांदे हलायला लागले. मोठ्याने, आवाज काढून, लग्नघरात रडतात तशी ती रडायला लागली.

"अपा! अगं, रडतेस काय? मी कुठे चाललेय?"

"गप्प बस," सायराकान हुंदक्यातून म्हणाली. "मुलीला आंदण देताना आई रडते. माझा हक्क आहे तो. मला रडू दे."

मग बेगायिमने, नवरी बसते तशी, गोधड्यांवर मान खाली घालून आईला पोटभर रडू दिलं.