बोयावरून सोडलेला दोर

आरेया ब्रांका बंदरातला होडीचा तांडेल वाल्देनोर सरकारवर एकाच कारणासाठी खूश होता. ट्यूना गोळा व्हावा म्हणून सरकारनं भर समुद्रात तरंगता पिवळा बोया नांगरलाय, अशी त्याची ठाम समजूत होती. बारा वर्षं तो होडी खुशाल त्याला बांधत होता.

डिसेंबरात थोरल्या बहिणीचा, झुलेइदेचा, आतल्या कोरड्या मुलखातून फोन आला. "पॅसिफिक तापलाय म्हणे. आपला पाऊस गेला. फेब्रुवारीअखेर व्यापारी गाई नेईल, मग मी कायमची साओ पावलोला, लेकीकडं."

वाल्देनोरला गलबलून आलं. गाई गेल्या की ताई परत यायची नाही.

त्यात धक्क्यावर हवामान खात्याची इरासिल्दा त्याच्यावर तुटून पडली. "तांडेल, बोया होड्या बांधायला नाही. त्याच्याखाली पाण्याचं तापमान मोजायची यंत्रं आहेत. तुमच्या दोरांनी दोन तुटली."

"मग मासे?"

"ते सावलीला येतात. सरकारनं बोलावलं म्हणून नाही."

वाल्देनोर ओशाळला. "पण बाई, पॅसिफिक तिकडं डोंगरापलीकडं. तो तापला तर माझ्या ताईच्या गाई का जाव्यात?"

"तो वारे बिघडवतो, आपला पाऊस उत्तरेला पळतो. पण दक्षिणेकडं आपला अटलांटिक ऊबदार राहिला, तर तो पाऊस खाली ओढतो. यंदा कोण जिंकेल, ते बोया सांगेल. तुम्ही त्याला धड राहू दिलंत तर."

नवी यंत्रं बसली. वाल्देनोरनं दोर सोडला तो सोडलाच, वर जवळ येणाऱ्या प्रत्येक होडीला शिव्या घालून पिटाळू लागला. मासे निम्म्यावर आले. तांडेल साधू झाला, असं खलाशी कुरकुरले.

फेब्रुवारीत इरासिल्दानं कळवलं, दक्षिणेचं पाणी चांगलंच तापलंय. खात्री नाही, पण पारडं पावसाकडं झुकतंय. त्यानं लगेच बहिणीला फोन लावला.

"ताई, गाई विकू नकोस."

"कोण म्हणतं?"

"बोया."

"सकाळीच ढोसलीस का रे, वाल्दू?"

"त्या बोयापायी दोन महिने निम्मे मासे घेऊन घरी येतोय मी. उगाच?"

"व्यापारी येईपर्यंत वाट बघते," झुलेइदे म्हणाली. "पुढं नाही."

महिनाअखेरीस तिचा फोन आला.

"वाल्दू, तीन दिवस धो धो चाललाय. व्यापाऱ्याचा ट्रक अंगणातच रुतला. गाई न्यायला आलेला, आता त्यांचंच दूध पितोय मेला."

वाल्देनोर हसता हसता रडू लागला. "आणि साओ पावलो?"

"शेत टाकून? चवळी पेरायला घेतलीय. बसून किती खाणार, म्हणून त्यालाही लावलंय पेरायला."